माळवदावरची अक्का

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तिकीट रांगेत माझ्यापुढे पन्नाशीची एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

"कुंडलिका, सरक मागं. ल्हानपणी दर रविवारी टीव्हीवरच्या मालिकेत तू ह्यो किल्ला आतनं बघितलास. मी माळवदावर अँटेना फिरवत हुते. आज आदी मी बघणार."

"बघ की अक्का. ढकलतीस कशाला?"

"तू खालनं वरडायचास, 'दिसतंय, दिसतंय!' की मी तशीच धरून उभी. मला नुसता आवाज. राजकन्या बुरुजावरनं कशी हसायची, करून दावू?"

"नगो! लोक बघायल्यात."

"बघू दे. तिचा घोडा पांढरा हुता ना? तूच सांगितलंस."

"अक्का, सगळंच पांढरं हुतं."

"म्हंजी?"

"नुसत्या मुंग्या. चित्र कदीच आलं न्हाय."

"मग 'दिसतंय' कशाला म्हणायचास?"

"न्हाय म्हणलं असतं, तर आप्पांनी टीव्ही बंद केला असता. तुला आवाजबी मिळाला नसता."

"म्हंजी तूबी आज पयल्यांदाच बघणार?"

"व्हय."

"मग हात दे. डोळं मिट. आत गेल्यावर दोघं एकदमच उघडू. मिटलंस का? मी मिटलं बघ!"

"अक्का, तिकिटं तरी काढू दे की!"