ज्ञानोबाचा रकाना

(लातूर. शेषेराव सरांच्या क्लासमागचं घर. जून महिना, पुढच्या हॉलमध्ये नव्या बॅचची अ‍ॅडमिशनं चालू आहेत. स्वयंपाकघरात सरांची बायको सिंधु भाकरी थापतेय, सून पुनम मुलीच्या तपासणीचा फॉर्म भरतेय. चार वर्षांची नात ईश्वरी आतल्या खोलीत खेळतेय.)

शेषेराव : 'नाही' म्हणून लिही. त्यात एवढा विचार कसला?

पुनम : विचार नाही मामा, प्रश्न वाचून दाखवला. 'रक्ताच्या नात्यात यापूर्वी कोणाला असा त्रास होता काय?' माहेरचं मी लिहिलं, नाही म्हणून. सासरचं मला कसं माहीत असणार?

शेषेराव : सासरचंही नाही. आणि मुळात तो कागदच फाड. दोन वाजताची वेळ घेतलीस ना त्या सेंटरची? फोन करून सांग, येत नाही म्हणून. संध्याकाळी मी ईश्वरीला शेतावर नेऊन सोडणार आहे. अ‍ॅडमिशनं उरकेपर्यंत शेतावर कामाला असलेली मल्लम्मा सांभाळेल.

पुनम : शेतावर? ती काय गाय आहे, चाऱ्याला नेऊन बांधायला?

शेषेराव : तोंड सांभाळून बोल. काल ती किंचाळली तेव्हा निलंग्याचे पालक माझ्यासमोरून उठून गेले. सरांच्याच घरात असलं पोर, तर हे आमच्या पोराला काय शिकवणार, असं एकानं पायरीवर बोलून दाखवलं. मी ऐकलं.

पुनम : आणि गप्प राहिलात.

शेषेराव : काय बोलू? ऑटिझम! दहा वर्षांपूर्वी हा शब्द लातुरात कोणाला माहीत होता? आता गल्लोगल्ली सेंटर. धंदा आहे हा, दुसरं काही नाही.

पुनम : एकट्या लातुरात नाही मामा. अमेरिकेत, इंग्लंडात, जपानात, सगळीकडे आकडा चढलाय. डॉक्टरीणबाई सांगत होत्या. एवढ्या देशांनी काय बैठक घेऊन धंदा काढला?

शेषेराव : तेच म्हणतोय मी! जगभर वाढतंय म्हणजे काहीतरी नवीन घुसलंय. मोबाईल. लसी. तू पोटुशी असताना दिवसभर मेडिकलच्या दुकानात उभी, पोर झाल्यावर तिच्या हातात मोबाईल. कारण घरात बसलंय आणि ही निघाली जपानला.

पुनम : मोबाईल तिच्या हातात आला तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्याच्या आधीपासून ती हाक मारली तरी वळून बघत नव्हती. आणि लसीचं म्हणाल तर लाखो लेकरं तपासून झालीत, देशोदेशी. काही संबंध निघाला नाही.

शेषेराव : मग वाढलं कशानं? मी गणिताचा माणूस आहे. आकडा आपोआप वाढत नसतो.

पुनम : बरं, गणितच करू. तुम्ही क्लास काढला तेव्हा ह्या भागातली किती पोरं मेडिकलला लागायची?

शेषेराव : बोटावर मोजण्याइतकी.

पुनम : आणि आता?

शेषेराव : शेकड्यानं. त्याचा इथं काय संबंध?

पुनम : मधल्या वीस वर्षांत इथल्या बायका अचानक हुशार लेकरं जन्माला घालायला लागल्या काय? का पाण्यात काही मिसळलं?

शेषेराव : खुळी का काय! पोरं तीच. आधी ढोरांमागं जायची. आम्ही शोधली, बसवली, परीक्षा घेतल्या, पेपर तपासले, तेव्हा कुठं...

सिंधु : बोला की. थांबलाव कशापाय?

पुनम : तेच झालंय मामा. तपासणारे वाढले. आधी अजिबात न बोलणाऱ्याला तेवढं धरायचे, आता बोलणाऱ्यालाही ओळखतात. थोडं खरंच वाढलं असेल, म्हणाल्या बाई. लग्नं उशिरा होतात, कमी दिवसांची लेकरं आता जगतात. सगळं कोणालाच माहीत नाही अजून. पण त्यातले कितीतरी आधीपासून होतेच. मोजायला कोणी नव्हतं.

शेषेराव : होते तर कुठं होते? माझी साठी आली. आमच्या गावातला एक दाखव मला. एक!

सिंधु : म्या दाखवू?

शेषेराव : तुझी भाकरी करपून राहिलीय, तिकडं बघ.

सिंधु : करपू द्या. दाखवू का म्हणते म्या.

शेषेराव : तुला ह्यातलं काही कळत नाही.

सिंधु : मला अक्षर कळत न्हाई. पर ईश्वरीच्या ताटात म्या कधी भाकर मोडून वाढली का? इच्यारा पुनमला.

पुनम : नाही... मोडली की ती ताट भिरकावते. मला हे कळायला सहा महिने लागले. आत्या, तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून अख्खी वाढत होता.

सिंधु : म्या शिकून आलते. नवी नवरी व्हते तवाच शिकले. ज्ञानोबाला अख्खी लागायची. मोडली की डोकं भितीवर आपटायचा, रगत येस्तोवर.

पुनम : ज्ञानोबा म्हणजे मामांचे धाकटे भाऊ? भूकंपात गेलेले? हॉलमध्ये हार घातलेला फोटो आहे ते?

शेषेराव : अबोल होता तो. एवढंच. आमच्याकडं सगळेच अबोल.

सिंधु : तुमी अबोल? सकाळी सहाच्या बॅचपासून तोंड चालतंय. त्यो एकोणीस वर्सात माय म्हणला न्हाई. गाव त्याला 'खुळा' म्हणायचं. पुनम, तुजा नवरा तवा पाच-सहा वर्सांचा, त्याला काय ध्यानात असंल?

पुनम : थांबा. थांबा जरा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं? ईश्वरीचं?

सिंधु : दीड वर्साची व्हती तवाच वळखलं व्हतं.

पुनम : आणि गप्प बसलात? अडीच वर्षं आत्या! तुमच्या नणंदा येऊन म्हणायच्या, आई दुकानात मरते म्हणून पोर मुकी निघाली. तुम्ही त्यांना चहा करून द्यायचात. नांदेडहून माझी आई रडत फोन करायची, पोटुशी असताना तू काय खाल्लंस ते आठव म्हणून. मी आठवायचे! रात-रात आठवायचे. कोणती गोळी, कोणती डाळ, कुठल्या दिवशी पाय घसरला. मीच माझ्या लेकराचं वाटोळं केलं म्हणून स्वतःला खात होते, आणि तुम्ही भाकरी थापत बघत होता!

सिंधु : व्हय. बघत व्हते. तुजं जोडं अन् माजं डोकं, पुनम. पर ज्ञानोबाचं नाव काढलं असतं तर पुढचं बी सांगावं लागलं असतं.

शेषेराव : सिंधु, बास. झाकली मूठ राहू दे.

सिंधु : लई जपली मूठ. आता मला एक सांगा. मल्लम्मा खुरपायला गेल्यावर पोर कुठं राहील?

शेषेराव : खोलीत. पळून विहिरीकडं जाऊ नये म्हणून मल्लम्मा घटकाभर कडी लावील बाहेरून. तेवढ्यानं काय होतं?

सिंधु : काय होतं? तुमी मला इच्यारता, काय होतं?

शेषेराव : आवाज खाली. पुढं लोक बसलेत.

सिंधु : बसू द्या. ऐकू द्या. गणपती बुडवायची रात व्हती, पुनम. हलगी वाजली की ज्ञानोबा कान दाबून वरडायचा. घरी सोयरे आलते. हे म्हणले, कोंड त्याला मधल्या घरात, शोभा नको. म्या कोंडलं. दुसऱ्या कुणी न्हाई, म्या. मिरवणूक झाल्यावर समदे अंगणात पडले, उकाडा व्हता म्हणून. म्या इच्यारलं, त्याला बाहेर आणू का? हे म्हणले, झोपला असंल, सकाळी काढ. सकाळ कुठली? पहाटं माळवद खाली आलं. अंगणातले समदे वाचलाव.

पुनम : अगं बाई...

सिंधु : गावात एकेका घरातली धा-धा माणसं गेली. आपल्यातलं एकच गेलं. लोक म्हणले, शेषेराव, नशीबवान हायस. अन् हेन्नी मान डोलावली.

शेषेराव : मला काय माहीत होतं, जमीन हलणार म्हणून?

सिंधु : वरीसभर गुरगुरत व्हती जमीन, ते बी कुणी मनावर घेतलं न्हाई. पर जमिनीचं सोडा. जमीन हलली नसती तरी त्यो आतच व्हता. सण आला की आत. पावणा आला की आत. अन् आता इच्यारता, आमच्या गावातला एक दाखव! समदे कडीच्या आत कोंडल्यावर दिसतील कसे?

शेषेराव : मी त्याच्या नावानं दरवर्षी बक्षीस देतो. स्वतःच्या हातानं.

सिंधु : पहिल्या नंबराला! ज्ञानोबासारखं एखादं आलं तर पायरी चढू देताल का? नातीला न्हाई ठिवून घेत घरात.

पुनम : मामा... पुढून हाक मारतायत तुम्हाला. धर्माबादचे पालक आलेत वाटतं.

शेषेराव : थांबतील.

पुनम : एक वाजून गेला. मी ईश्वरीला तयार करते. तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणार आहे.

शेषेराव : मी कुठं नाही म्हणतोय आता? तो फॉर्म आण इकडं. चष्मा हॉलमध्ये राहिला. तूच वाच.

पुनम : 'असल्यास, नाव आणि नातं.'

शेषेराव : ज्ञानोबा. चुलत आजोबा.

पुनम : 'वय.'

शेषेराव : एकोणीस. श्रावणात विसावं लागलं होतं.

पुनम : 'हयात की मयत. मयत असल्यास कारण.' भूकंप लिहू?

शेषेराव : न्हाई.

पुनम : मग?

शेषेराव : आम्ही त्याला कोंडून ठिवलं होतं, असं लिही. भावानं सांगितलं म्हणून कोंडलं होतं.

पुनम : रकाना दोन बोटांचा आहे, मामा. एवढं मावणार नाही.

शेषेराव : मग मागच्या बाजूला लिही. तिथं कोरं असंल.