सोडलेली जागा

टक्, टक्, टक्. टर्पेंटाइनच्या डब्याच्या काठावर ब्रश झटकल्याचा आवाज. मंडळी, बोलायला उभा राहिलो आणि आधी तोच कानात आला. माझा वर्ग आणि प्रल्हाद पेंटरची खोली, मध्ये एकच भिंत होती. मी इकडे मुलांकडून कविता म्हणून घ्यायचो, तिकडे तो ताल धरल्यासारखा ब्रश झटकायचा. कित्येक कवितांना मला त्याच टकटकीवर चाल सापडली.

तुम्ही सगळे कामं टाकून आलात. प्रल्हाद गेला. परवा सकाळी, त्याच खोलीत.

आपल्या जानेफळात हार घातलेल्या किती तसबिरी त्याच्या हातच्या आहेत! माणूस गेलं की आपण जुना, पुसट फोटो घेऊन त्याच्याकडे जायचो. तेराव्याच्या आत चेहरा तयार. माझी आईसुद्धा त्यानंच काढली. भिंतीवरून ती अजून माझ्याकडे बघते.

मग त्याची लेक उज्ज्वला तापानं गेली. सातवीत होती, माझ्याच वर्गात. कमलवहिनी म्हणाल्या, तिची तसबीर काढा. तो बसला. केस आले, रिबिनी आल्या. पुढे हात चालेना. एके दिवशी त्यानं सगळ्यावर पिवळा रंग ओढला. त्यावर राखाडी, त्यावर आणखी काही. वहिनी माझ्यासमोर त्याला म्हणाल्या, "साऱ्या गावाचे मेलेले जिते केले तुमी. आपल्याच लेकीपुरता हात मोडला काय?"

त्यानं ब्रश डब्यात बुडवून ठेवला. लेकीला बापानं पुसून टाकलं, हे मनात धरून वहिनी सोनाळ्याला भावाकडे गेल्या. परत आल्या नाहीत.

त्यानंतर त्यानं चेहरा काढला नाही. पोटापुरत्या दुकानांच्या पाट्या, आणि बाकी वेळ हे रंगच रंग. चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "काऊन हो पेंटर, ही म्हैस हाय का आभाळ?" तो म्हणायचा, "तुले म्हैस पाह्यजे असंन तं दूध काढून घे." पोरं हसायची. तोही हसायचा. पण मंडळी, तो हसला की मला बघवत नसे.

प्रत्येक चित्रात मध्यावर दोन बोटं जागा कोरी असायची. नुसतं कापड. मी एकदा विचारलं, "प्रल्हाद, ही जागा का सोडतोस?"

म्हणाला, "सर, डोळे शेवटी काढतात. डोळे काढले का तसबीर झाली. मंग हार घालाचाच राह्यते. तिले मले हार नाही घालाचा."

मी आयुष्यभर कविता शिकवली. त्या दिवशी वर्गात परतलो आणि मुलांना नुसतं शुद्धलेखन घातलं.

आज इथे त्याचा फोटो नाही. त्यानं कुणाला काढूच दिला नाही. म्हणून आपण त्याचं शेवटचं चित्र हार घालून ठेवलंय. उद्या ती खोली रिकामी करायची आहे. कापड जाड आहे, सोयाबीनच्या गंजीवर झाकायला होईल, असं मघाशी कुणी म्हणालं. मी रागावलो नाही. पण ती चित्रं वहिनींची आहेत. त्यांनी नेली तरच वाचतील. सोनाळ्याला निरोप गेलाय. उत्तर नाही.

त्यानं लेकीला पुसलं नव्हतं, एवढं कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. का कुणी सांगितलं नाही? आता कोण सांगणार?

असो. उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. बाहेरचा आवाज आला तर येऊ द्या.

थांबा. दारात कोण आहे?

वहिनी?

वाट द्या रे त्यांना. या, अशा पुढे या. आणि तो चित्रावरचा हार काढा कुणीतरी. आधी तो हार काढा.