चेहऱ्यावर दाखवायचं नाही

नाही, ते फोटो बघून ठरवू नका. भिंत आहे, भिंतीवर काहीही टांगता येतं. अकरा पोरं जिंकली, खरंय — पण त्यातली सात माझ्याकडे आली तेव्हाच ठोसा मारून दार फोडत होती. ती कुणाच्याही हाताखाली जिंकली असती. मी शिट्टी वाजवायचो, घड्याळ धरायचो, आणि ती जिंकली की पेपरवाला माझा फोटो काढायचा. आयत्या बिळावर नागोबा — तो मी. बसा. त्या बाकावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, इथे बसा. तुमची पोरगी मारतेय बॅगेवर तर मारू द्या, बॅगेला काही होत नाही.

कोच चांगला की नुसता नावाचा, हे ओळखायचं कसं — हेच विचारायला आलात ना? लोक बघतात, ओरडतो किती. जो दोरीपाशी उभा राहून घसा फोडतो तो मोठा. अहो, पोरगं आत मार खातंय, त्याचे कान वाजतायत, त्याला काय कपाळ ऐकू येणार — ते ओरडणं खुर्चीवाल्यांसाठी असतं. नाहीतर हातात पॅड धरून पोराचे ठोसे झेलतात, फटाफट आवाज काढतात. बघणाऱ्याला वाटतं, काय हात आहे — आवाज पॅडचा असतो, हाताचा नाही. मीही काढायचो. मग कोचनं करायचं काय? बघायचं. नुसतं बघायचं. दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं, पोरगं स्टुलावर येऊन बसतं, तेव्हा पाणी देता देता त्याच्या डोळ्यात बघायचं — माणूस घरात आहे की निघून गेला. निघून गेला असेल तर खांद्यावरचा टॉवेल आत फेकायचा, लढत बंद. एवढंच काम. बाकी सगळ्या दोरीवरच्या उड्या.

बाजारामागच्या गल्लीत एक कोच आहे, त्याला सगळे टॉवेलमास्तर म्हणतात. मीच ठेवलं ते नाव. पोराला जरा जोरात लागलं की ह्यानं टॉवेल फेकलाच. मी म्हणायचो, ह्याला न्हाव्याच्या दुकानात बसवा, तिथे टॉवेल कामी येईल. त्याची पोरं हरायची, चिडायची, त्याला सोडून माझ्याकडे यायची. आणि जी राहिली ना त्याच्याकडे — ती आज कामाधंद्याला आहेत, एकूण एक, स्वतःच्या हातानं जेवतात. हे तुम्हाला सांगतोय. दुसऱ्या कुणाला बोललो नाही.

माझं काय — मी शिकवायचो, लागलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. समोरच्याला कळलं कुठे लागलंय, की तो तिथेच मारणार. म्हणून हसायचं. रोज सकाळी मी पोटात ठोसा द्यायचो आणि पोरानं हसायचं. तोंड वाकडं केलं की मैदानाच्या वीस फेऱ्या. आणि एक बारावा होता — त्याचा फोटो नाही, शोधू नका. माझा जावई. आधी शिष्य, मग जावई. मुलीनं ह्याच दारात उभं राहून पसंत केला, मी म्हटलं, चला, घरचा माणूस घरात. त्याच्यासारखं हसायला कुणाला जमलं नाही. दाढ उपटायला नेला तर दातांच्या डॉक्टरलाही हसून दाखवत होता.

त्या दिवशी चौथ्या राउंडनंतर येऊन बसला. विचारलं, ठीक आहेस? हसला. मी डोळ्यात बघितलं — बघितलं हो, बघितलं नाही असं नाही — पण ते हसू मध्ये आलं. मीच घडवलेलं, आणि मीच फसलो. मुलगी मागून म्हणाली, बाबा, थांबवा, हा असा हसत नाही. मी म्हटलं, गप्प बस, तुला यातलं काय कळतं. टॉवेल खांद्यावर होता. पाठवला त्याला. अर्धं मिनिटही लागलं नाही पुढे.

आता घरीच असतो तो. सहा वर्षं झाली. भिंत धरून चालतो, शर्टाचं बटण लावता येत नाही, मुलगी लावते. मला ती एका शब्दानं बोलली नाही — बोलली असती तर बरं झालं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तर घास तरी नीट उतरला असता. वाढते, पाणी ठेवते, जाते. आणि तो अजून हसतो. दुखतंय का विचारलं की हसतो. डॉक्टर म्हणतात, दुखत असणार, कुठे ते त्यानं सांगायला हवं. आता तो कुणाला सांगणार — आणि मला तर नाहीच.

थांबा — तुमच्या पोरीचा हात बघितलात? आत्ता मनगट मुरगळलं तिचं. बसा तुम्ही, उठू नका. ए बाळा, इकडे ये. काढ तो ग्लोव्ह. सुजतंय हे. दुखतंय का? — त्यांच्याकडे बघू नको, मी विचारतोय, माझ्याकडे बघ — दुखतंय का? ... हसली. बघितलंत? आधी तुमच्याकडे बघितलं आणि मग हसली. कधी रडत नाही, असं आल्या आल्या छाती फुगवून सांगत होतात. कुणी शिकवलं हे तिला? मी तर नाही, मी आज पहिल्यांदा बघतोय तिला.

नाही. मी हिला शिकायला घेत नाही. पाया पडू नका, उठा. तिला खेळायचंच असेल तर टॉवेलमास्तरकडे न्या, माझं नाव सांगू नका. आधी घरी जाऊन बर्फ लावा. आणि वाटेत रडली तर रडू द्या. जा आता.