एका ढेकळातून

नेत्रा : भिंगातून या तुकड्याची खालची बाजू बघ. खवले पांढरे, पातळ, कडेच्या आतच संपतात. आता हा दुसरा तुकडा. याचे जांभळे, आणि कडेच्या बाहेर आलेत. पाव मिलिमीटर, जास्त नाही.

कृणाल : वाळल्यावर रंग बदलतो, तूच म्हणालेलीस.

नेत्रा : रंग बदलतो. लांबी नाही.

कृणाल : पाचच्या आत पेपरचं प्रूफ पाठवायचंय, नेत्रा. दोन वाजले. आणि तू मला पाव मिलिमीटर दाखवतेयस?

नेत्रा : दोन्ही तुकडे एकाच पाकिटातले आहेत. घाटकोपरच्या विहिरीचा कठडा, एकच ढेकूळ. लिव्हरवर्टच्या, या चिमुकल्या चपट्या झाडांच्या, दोन जाती एकमेकींत वाढल्या होत्या. आपण एकच समजलो.

कृणाल : मग?

नेत्रा : चित्रं मी पांढऱ्याची काढली, बीजाणू त्याचेच मोजले. डीएनए तू जांभळ्याचा काढलास. रूप नेहमीच्या जातीसारखं, पण डीएनए कुठेच जुळत नाही, म्हणून नवी जात, असं लिहिलंय आपण. रूप एकीचं आहे, डीएनए दुसरीचा.

कृणाल : पाकीट तू दिलंस मला. म्हणालीस, कुठलाही तुकडा घे.

नेत्रा : हो. तुकडा मी निवडून द्यायला हवा होता.

कृणाल : थांब. हा सगळा अंदाज आहे ना तुझा? साकीनाक्याच्या लॅबमध्ये दोन्हींचे डीएनए परत करून घेऊ.

नेत्रा : केले. पांढरी नेहमीची निघाली. जांभळी आपल्या पेपरमधल्या डीएनएशी शंभर टक्के जुळली.

कृणाल : कधी केलंस?

नेत्रा : गणपतीच्या आधी.

कृणाल : आज जानेवारीची सोळा तारीख आहे.

नेत्रा : माहितीय.

कृणाल : पाच महिने? रोज समोर बसून चहा पितोय यार आपण.

नेत्रा : जांभळी खरंच नवी असेल, असं वाटत होतं. पण आपल्या तुकड्यांत तिचे बीजाणू नाहीत, आणि बीजाणू दाखवल्याशिवाय कोणी मानणार नाही. विहिरीवर परत गेले. वॉचमन म्हणाला, सोसायटीने कठड्याला टाईल्स लावल्या, आता छान दिसतं ना मॅडम. मग मुलुंडच्या टेकडीचा पायथा, आरे, बोरीवलीचे ओढे. पाऊस संपेपर्यंत दर रविवारी. कुठेच नाही.

कृणाल : तरी पेपर जाऊ दिलास.

नेत्रा : सापडेल असं वाटायचं. पुढच्या रविवारी सापडेल.

कृणाल : ऐक माझं. जगात ही शेवाळं बघणारी माणसं किती? पन्नास? कोण कशाला तपासतंय?

नेत्रा : शेवाळ नाही रे ते.

कृणाल : जे असेल ते. एकतीसला आपल्या गाइड मॅडम रिटायर होतायत. त्याच दिवशी तुझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन संपतंय. हा पेपर नसेल तर थिसिस घेणार नाहीत, आणि आता मुदतवाढही नाही. सात वर्षं, नेत्रा. वाट लागेल तुझी.

नेत्रा : आई रोज विचारते, झालं का गं. मी म्हणते, होत आलं.

कृणाल : मग होऊ दे ना. पाठव.

नेत्रा : उद्या कोणीतरी माझं चित्र घेऊन पावसात बाहेर पडेल. गुडघे टेकून, भिंग लावून शोधत बसेल. असं झाड नाहीच, हे त्याला कोण सांगणार?

कृणाल : तुझी ती जांभळी तरी कुठे सापडली?

नेत्रा : नाही सापडली. आता सापडायचीही नाही, पावसाळा येईपर्यंत. तोवर मी या खोलीत नसेन.

कृणाल : मॅडमना माहितीय?

नेत्रा : तीनदा केबिनच्या दारापर्यंत गेले. एकदा त्यांनी बसवून चकली दिली. खाऊन परत आले.

कृणाल : नको लावूस फोन. नेत्रा. पाच वाजेपर्यंत विचार कर.

(फोन लागतो. नेत्रा तो स्पीकरवर टाकते आणि दोन्ही तुकडे पाकिटात ठेवून ते मिटते.)

सुलक्षणा मॅडम : बोल गं. प्रूफ गेलं का?

नेत्रा : नाही, मॅडम.

सुलक्षणा मॅडम : काही अडलंय का?

नेत्रा : त्या पाकिटात दोन जाती होत्या. ऑगस्टपासून माहीत होतं मला, सांगितलं नाही. पेपर मागे घेतेय मी, मॅडम. आजच.