शेठच्या लेकीचं रुखवत

मंडळी, ऐका! आज प्रश्न सोपा आहे. आपण उडवलेली धूळ आपल्याला केव्हा दिसते?

बोला की! खांबाला टेकलेले काका, झोपलात की समाधी लागली? समाधी! बरं, मग आख्यान संपेपर्यंत उतरू नका.

खडकपेठ नावाचं गाव. तिथं एक गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी अंबादासशेठचा रांगोळीचा कारखाना. पांढरा दगड आणायचा, मशीनमध्ये दळायचा, पुड्या भरायच्या. रांगोळी कशी? मऊसूत! पण निम्मी पुडीत, निम्मी गल्लीत! तुळस पांढरी, म्हैस पांढरी — एका जावयानं तर दारात उभ्या सासऱ्यालाच विचारलं, "आजोबा, घरात कुणी आहे का?"

हसलात ना? आता जरा थांबा. त्याच गल्लीत राहायची गोदाक्का. तिची नात मैना, सात वर्षांची. मशीन सुरू झालं की पोरीची छाती सूं-सूं वाजायची. चार पायऱ्या चढली की बसली! डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, हवा कुठून देऊ? पोरीला इथून लांब ठेवा." आईबापांची नोकरी इथं, घर इथं. शेवटी ठरलं — पोरीला मामाकडे धाडायचं, दूरच्या गावी. आजीच्या काळजाचं पाणी झालं हो!

गोदाक्का गेली शेठकडे. "शेठ, मशीन झाकून घ्या. पोर गुदमरतीय माझी."

शेठ खुर्चीत रेलले. "धूळ? कुठाय धूळ? गोदाक्का, चष्मा पुसा!"

पुसला हो तिनं! पदरानं पुसला — पदर पांढरा!

आणि गल्लीतले पुरुष? मूग गिळून! कारण भंडाऱ्याची साखर शेठची, मांडवाचं कापड शेठचं. ज्याचा शिरा खाल्ला त्याला बोलायचं कसं? उलट दर वर्षी सत्कार! खोकत खोकत टाळ्या वाजवायचे, मंडळी!

अशात शेठच्या लेकीचं लग्न ठरलं. खडकपेठेत रीत अशी, की लेकीचं रुखवत गल्लीतल्या बायकांनी करायचं. कुरडया, पापड, सांडगे — घरोघरचे हात लागले पाहिजेत. आणि कुरडई म्हटलं की गोदाक्का! शेठ स्वतः सांगायला आले. तुम्हाला वाटलं, म्हातारी दार लावून घेईल? छे! म्हणाली, "करते की! लेक गल्लीची आहे. आमच्याच गच्चीवर घालते वाळत."

शेठ खुशीत घरी गेले, जेवायला बसले — आणि डोळ्यांसमोर व्याही आला! व्याह्यानं कुरडई उचलली, तोंडात टाकली — कच्च! पांढऱ्या कुरडईवर पांढरी पूड, दिसणार थोडीच? ती कळते दाताखाली! शेठ घास ताटात टाकून उठलेच!

दुसऱ्या दिवशी मशीन गप्प! दारावर पाटी — "दुरुस्तीसाठी बंद". काय मोडलं होतं? काही नाही! धूळ नाही म्हणणाऱ्या माणसानं पापडासाठी कारखाना बंद केला, मंडळी!

इकडे काय झालं? मैनाचा खोकला उतरला. पोर रात्रभर झोपली. मग हळूहळू जिना चढून गच्चीवर — कावळे हाकलायला! गोदाक्का बघतच राहिली. आणि तिच्या डोक्यात उजेड पडला!

कुरडया वाळल्या. शेठ खालून ओरडले, "झालं का?"

"कसलं झालं? पापड्या राहिल्या!"

पापड्या वाळल्या. "आता झालं?"

"सांडगे नकोत होय?"

मग शेवया! मग बटाट्याचा कीस! मग साबुदाण्याच्या चकल्या! शेठचं घर डब्यांनी भरलं. "अहो गोदाक्का, जावई एकच आहे!"

"एकच आहे हो, पण त्याची भूक कुणी बघितलीय?"

शेवटी शेठचा धीर सुटला. धापा टाकत गच्चीवर आले. "बास! मशीन कुठवर बंद ठेवू मी?"

"चालू करा की," गोदाक्का म्हणाली. "धूळ तर नाहीच ना?"

एवढ्यात मैना, डोक्यावर परात, धावत जिना चढून वर! "काका, सरका की! सांडग्यांवर सावली पडतीय तुमची!"

शेठ सरकले. "ही कुणाची?"

"हीच ती. तुमचं मशीन सुरू झालं की मामाकडे जाईल." इतका वेळ हसणारी म्हातारी, तिचा आवाज फाटला. "शेठ, कुरडईत कचकच लागली तर व्याही थुंकून टाकेल. माझ्या पोरीनं श्वास कसा थुंकायचा?"

मंडळी, शेठ खाली उतरले, आणि पाटीवर लिहिलेली दुरुस्ती खरोखर करायला घेतली! मशीन बंद खोलीत गेलं. तोंडाशी पूड ओढून घेणारा पंखा बसला, त्याला कापडी पिशव्या लागल्या. उघड्यावर पोती ओतणं थांबलं, आवारात पाण्याचा शिडकावा सुरू झाला. मगच कारखाना चालू! मैना आजीजवळच राहिली. शेठ संत झाले का? छे हो! गावभर सांगत सुटले, "कल्पना माझीच!"

तर धूळ केव्हा दिसते? आपल्या ताटात पडली की!

फार मजा आली ना शेठची? आता जरा आपल्याकडे वळू. या देवळाची नवी फरशी मागच्या अंगणात कापताय ना? कोरडीच कापताय! भुगा कुठं जातो? मागच्या आळीत! मी दुपारी तिथं चहाला गेलो होतो. भर उन्हाळ्यात एक बाळंतीण खिडक्या लावून बसलीय, तान्हं शिंकून शिंकून लाल झालंय. तिची आई मला म्हणते, "महाराज, देवाचं काम, बोलायचं कसं?" लाज वाटली मला!

देवाची धूळ काय गोड लागते? अध्यक्षमहाराज, हार घेऊन कुठं निघालात? तो ठेवा खाली. मागं जा, कटरला पाण्याचा पाइप लावा, कडेनं ओली पोती बांधा. आम्ही बसतो. मारुतीराया उभा आहे, तो काही कंटाळत नाही.

पाइप लागल्याशिवाय आरती नाही!