दाजींचा बाण डावीकडे जातो

लेम्पी : ...आणि यात फायदा माझा एकटीचा आहे असं वाटत असेल, तर नीट मोज. नवरा रात्री उजव्या कुशीवर वळला की कण्हायचा, ते थांबलं. झोप मला लागली, म्हणजे तो माझा फायदा, कबूल. पण ऑक्टोबर लागल्यावर तो जंगलात गेला नाही नि घरी बसून राहिला, तर तोटा सगळ्या गावाचा आहे. तुझा पहिला. कारण बसून कंटाळला की तो इथेच येणार, तुझ्या या शेडमध्ये.

आर्वो : ताई, तू लहानपणापासून अशीच. आधी फायदे मोजून दाखवतेस, म्हणजे मागे कुठंतरी काहीतरी मोडलेलं असतं. काय मोडलंय?

लेम्पी : मोडलं काही नाही. रेइनोचा बाण डावीकडे जातो.

आर्वो : दाजींचा?

लेम्पी : डावीकडे जातो आणि खाली पडतो. रोज संध्याकाळी कोठारामागे गवताच्या गठ्ठ्यावर मारत बसतो. गठ्ठा शाबूत, मागच्या फळ्यांची चाळण. म्हणतो, डोळे गेले. काल जेवताना म्हणाला, यंदा धनुष्य भिंतीला टांगतो. आंधळ्यासारखं मारून हरिण जखमी करण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. त्याच्या आवडीची पास्ती, मांस भरलेली, अर्धी ताटात तशीच ठेवली.

आर्वो : पास्ती ठेवली म्हणजे प्रकरण साधं नाही. आणि तो दुखरा खांदा?

लेम्पी : खांदा उत्तम. त्याला वाटतं व्यायामानं बरा झाला. डॉक्टरनं दिलेला रबराचा पट्टा दाराच्या मुठीला बांधतो नि ओढत बसतो. येईल त्याला सांगतो, आता दोरी कशी विशीतल्यासारखी ताणली जाते बघा.

आर्वो : पण डॉक्टर तर म्हणाला होता, ते धनुष्य सोडा.

लेम्पी : म्हणाला होता. मीही म्हटलं, हलकं घे एखादं. तर मला म्हणतो, सासऱ्यांनी लग्नात हातात दिलंय. एक तर ते मोडेल नाहीतर मी.

आर्वो : मग खांदा बरा झाला कसा?

लेम्पी : गाडीतून आणलंय. हे घे. दोरी चढव आणि ताणून बघ. बोलू नकोस, नुसतं बघ.

आर्वो : ...ताई, हे बाबांचं धनुष्य नाही.

लेम्पी : बाबांचंच आहे. थोडं कमी आहे.

आर्वो : ताणायला किती जोर लागतो ते काट्याला लावून बघतो. थांब. बेचाळीस. हे पंचावन्न पौंडांचं होतं. मी त्याच्यासाठी बाण करत आलोय, मला नको सांगू. मधले तेरा पौंड गेले कुठे?

लेम्पी : सॉनाच्या भट्टीत.

आर्वो : काय?

लेम्पी : शनिवारी तो एकदा वाफेत जाऊन बसला की हाक मारली तरी बाहेर येत नाही, तुला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात मी काचेच्या तुकड्यानं पोटाकडच्या, म्हणजे दोरीकडच्या बाजूनं खरवडायचे. थोडं थोडं. हिवाळा संपेपर्यंत. नवं लाकूड पांढरं दिसायला लागलं, तर वरून गार कॉफी चोळली नि जवसाचं तेल लावलं. भुसा लपवायचा कुठं? पुढच्या शनिवारी जाळ पेटवायला तोच. एकदा तर बाहेर येऊन म्हणाला, आज आच छान लागली.

आर्वो : बाबांच्या धनुष्याला तू काच लावलीस. आणि वरचा अर्धा नि खालचा अर्धा अगदी सारखे वाकतायत. मला भीती वाटत होती, एक बाजू मऊ पडली असेल. शिकलीस कुठं हे?

लेम्पी : बाबा तुला शिकवायचे तेव्हा तू जांभया देत उभा असायचास. केर मी काढायचे. कुठल्या बाजूखाली किती भुसा पडलाय, हे झाडणाऱ्याला आपोआप कळतं.

आर्वो : तर मग दाजींचे डोळे शाबूत आहेत. बाण चुकीचे आहेत. बाणाची काडी सुटताना किंचित वाकते, म्हणून तर ती धनुष्याला वळसा घालून सरळ निघते. दाजींच्या काड्या पंचावन्नाच्या धक्क्याला वाकतील अशा आहेत. तो धक्का आता राहिला नाही. काडी वाकत नाही, लाकडाला घासते नि डावीकडे जाते. शिवाय जड आहे, म्हणून खाली पडते.

लेम्पी : हलके करून दे मग. तेच सांगायला आले. पिसं तीच, लाल पट्टा तोच, त्याला कळता कामा नये.

आर्वो : किती हलके?

लेम्पी : सरळ जातील इतके.

आर्वो : सरळ काय, वाळकी कामटीही जाते. हलक्या धनुष्याला हलका बाण, ही दुकानदाराची अक्कल. निघतो झकास, गिऱ्हाईक खूश. हरणाला लागला की बरगडीवर थांबला. आपल्या दाराला मांजरानं पळत येऊन धडक दिली आणि मी हळूच खांदा लावला, तर दार कुणानं उघडेल?

लेम्पी : तुझं वजन सगळ्या तालुक्याला माहीत आहे. बरं, मग जडच ठेव.

आर्वो : जुने जडच आहेत की. हे बेचाळीस पौंड त्यांना ढकलता ढकलता दमतात. हरिण मान वर करतं, काय येतंय ते बघतं नि बाजूला होतं. मधल्या वजनाचे हवेत. बाबांचा हिशेब होता : धनुष्याच्या दर पौंडामागे बाणाचं दहा ग्रेन वजन, आणि हरणाच्या नावानं वर चिमूटभर. काडी घेऊ देवदाराची, मऊ. वजन मागे नको, पुढे ठेवू, पात्यात. आणि पातं अरुंद, दोन धारांचं. रुंद पात्याला आत शिरायला जोर लागतो, तो तू भट्टीत घातलास.

लेम्पी : ओरडून झालं असेल तर कॉफी टाक.

आर्वो : कॉफीही टाकतो, बाणही करतो. पण दाजींना सांगायचं.

लेम्पी : नाही.

आर्वो : ऐक. नवे बाण सरळ जातील. दाजी खूश होतील आणि जातील आपल्या नेहमीच्या जागी. दलदलीपलीकडच्या त्या मोठ्या देवदारापाशी हरिण उभं राहिलं की मारतील, आजवर मारत आले तसे. बाण पोचेल. लागेलसुद्धा. पण आरपार जाणार नाही, तेवढं आता त्या धनुष्यात नाही. हरिण बाण घेऊन चिखलात पळेल आणि कुठंतरी झुरत मरेल. मग दाजी धनुष्य टांगतील ते कायमचं. त्यांना जवळून मारायला हवं, ताई, आणि का ते माहीत असायला हवं.

लेम्पी : तू सांग की. तुझं ऐकतो तो.

आर्वो : काच कुणी लावली?

लेम्पी : ...सांगेन. हंगाम सुरू व्हायच्या आत सांगेन.

(ऑक्टोबरची सकाळ. दलदलीच्या काठी एका उन्मळलेल्या बुंध्याआड लेम्पी आणि रेइनो शेजारी शेजारी बसले आहेत. समोरचं हरिण नुकतंच उडी मारून झाडीत गेलं आहे.)

रेइनो : तू खोकलीस.

लेम्पी : हो.

रेइनो : खोकला आला, की खोकलीस?

लेम्पी : खोकले.

रेइनो : इतकी वर्षं चल म्हणतोय, तर तुला थंडी वाजते. आज आपणहून आलीस. थर्मास भरलास, वेलदोड्याचा गोड पाव, निसू, बांधून घेतलास. मला वाटलं, उशिरा का होईना, बायकोला गोडी लागली. आणि एवढ्या शिंगांचं हरिण देवदारापाशी आडवं उभं, माझी दोरी कानापर्यंत आलेली, नि तू खोकतेस. तुझ्या भावाला सांगितलं तर त्याला दोन घास जायचे नाहीत.

लेम्पी : जातील. त्याला बरंच वाटेल.

रेइनो : म्हणजे?

लेम्पी : तुला सांगायचं म्हणून रोज कॉफी ओतत होते आणि रोज नुसती कॉफीच देत होते. शेवटी म्हटलं, बरोबरच जावं, वाटेत सांगावं. तर वाटेत तू गप्प केलंस, हरणं ऐकतात म्हणून.

रेइनो : ऐकतातच. आता ऐकायला कुणी उरलेलं नाही. बोल.

लेम्पी : तो देवदार तुझ्या टप्प्यात नाही. अलीकडे भूर्ज आडवा पडलाय ना, त्याच्या या बाजूला आलं तरच मारायचं.

रेइनो : या धनुष्याचा टप्पा तू मला सांगणार?

लेम्पी : ते आता बेचाळीस पौंडांचं आहे.

रेइनो : कोण म्हणतं?

लेम्पी : आर्वोचा काटा. मी खरवडलं ते. हिवाळ्यात, शनिवारी तू वाफेत बसायचास तेव्हा. त्यामुळे जुने बाण डावीकडे जायला लागले. आर्वोनं हे नवे त्याच्यापुरते करून दिले. सरळ जातात, पण लांबून आत शिरणार नाहीत. म्हणून खोकले. आता काय बोलायचं ते बोल.

रेइनो : थांब जरा. आधी जमाखर्च लागू दे. म्हणजे खांदा बरा झालेला नाही.

लेम्पी : नाही.

रेइनो : आणि तो रबराचा पट्टा?

लेम्पी : त्यानं दाराची मूठ ढिली झाली.

रेइनो : आणि डोळे?

लेम्पी : डोळ्यांना काही झालेलंच नव्हतं.

रेइनो : नक्की?

लेम्पी : नक्की.

रेइनो : सबंध उन्हाळा मी रात्री पडल्या पडल्या एक डोळा मिटून खिडकीतल्या चांदण्या बघत होतो. मग दुसरा मिटून. कुठल्या डोळ्याला कमी दिसतात ते कळेना. मनात म्हणायचो, आधी हरिण जाईल, मग रस्ता जाईल, मग हिचं तोंड.

लेम्पी : आणि मला सांगितलं नाहीस.

रेइनो : तू सांगितलंस?

लेम्पी : तुला विचारलं असतं तर तू खरवडू दिलं असतंस?

रेइनो : नाही.

लेम्पी : मग.

रेइनो : कशानं खरवडलंस?

लेम्पी : जॅमची बरणी फुटली होती, तिच्या काचेनं.

रेइनो : इतकी वर्षं हातात आहे आणि मला पत्ता लागला नाही. कुठं खड्डा नाही, कुठं चढ नाही. रागवायला जागा ठेवली नाहीस तू. मी तर सगळं श्रेय चष्म्याला देऊन बसलो होतो.

लेम्पी : कसल्या चष्म्याला?

रेइनो : आहे एक.

लेम्पी : रेइनो.

रेइनो : शहरात गेलो होतो ना, गाडीची बॅटरी आणायला. तेव्हा करून घेतला. डोळ्यांचा डॉक्टर म्हणत होता, तुम्हाला गरज नाही. मी म्हटलं, माझे बाण कुठं जातात ते तुम्ही पाहिलंय का? द्या काहीतरी. त्यानं कंटाळून सगळ्यांत सौम्य काच दिली. त्याच आठवड्यात आर्वोचे बाण आले, नि सरळ जायला लागले. मी म्हटलं, पैसे वसूल. तुझ्यासमोर लावत नव्हतो. आजही खिशातच आहे.

लेम्पी : आणि चष्म्याशिवाय तुला देवदारापाशी हरिण दिसलं.

रेइनो : शिंगांची टोकं मोजता आली. तेव्हाच शंका यायला हवी होती. तुला नव्हतं दिसलं?

लेम्पी : मला तू दोरी ताणलेला दिसलास. पुढे काहीतरी तपकिरी होतं. दे इकडे, बघू कसा आहे तो.

रेइनो : तुला काय करायचाय? हा घे.

लेम्पी : शहाण्या माणसा, काचा तरी पुसायच्या. ...रेइनो.

रेइनो : काय झालं?

लेम्पी : त्या देवदाराला वेगवेगळ्या फांद्या आहेत.

रेइनो : मग झाडाला काय असतं?

लेम्पी : मला हिरवा ढीग दिसायचा. मला वाटायचं, एवढ्या लांबून सगळ्यांना तसाच दिसतो.

रेइनो : अगं, मग धनुष्य खरवडलंस कसं?

लेम्पी : बोटांनी. अंगठा फिरवायचा, जाड लागेल तिथं काच. आणि हळू बोल. ते गेलेलं नाही. देवदाराच्या मागं उभं आहे, कान आपल्याकडे करून. केवढी रे शिंगं.

रेइनो : देवदाराच्या मागं?

लेम्पी : हो. तुझं नव्हे ते.

रेइनो : नव्हे. राहू दे त्याला. धनुष्य खाली ठेवतो.

लेम्पी : हा घे तुझा चष्मा. पैसे मोजलेस, तूच बघ.

रेइनो : असू दे डोळ्यावर. भरले मी, बघ तू.