पिसाची तपासणी

माझा जन्म वसाहतीतला. वसाहत म्हटलं की लोकांना सोसायटी आठवते, तसली नाही, कुष्ठरोग्यांची, तिकडं विदर्भात, गावापासून लांब. आई-बाबा तिथंच भेटले, दोघंही औषधांनी पूर्ण बरे झालेले, पण झडलेली बोटं काही परत येत नाहीत आणि गावही परत बोलवत नाही, म्हणून तिथंच राहिले, तिथंच लग्न केलं, तिथंच मी झाले. मला काही झालं नाही, होतही नसतं, हे मी नर्सिंग शिकल्यावर लोकांना शास्त्रशुद्ध समजावून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि खुर्ची जरा मागं सरकवायचे.

मंदार पुण्याच्या हॉस्पिटलात अपेंडिक्स काढायला आला होता, तिथं आमची ओळख. त्याला मी सगळं सांगितलं, तो म्हणाला मला तुझ्याशी लग्न करायचंय, तुझ्या आईच्या हातांशी नाही, आणि तेव्हा मला ते फार मोठेपणाचं वाटलं. पण त्याच्या घरी काय सांगायचं? तर आईच म्हणाली, सांग का मायबाप मेले. ती हे हसत म्हणाली, काय सांगू तुम्हाला, कारण रोग दिसला तेव्हा तिच्या भावांनी ती जिवंत असताना तिचं तेरावं घातलं होतं, गोडाच्या जेवणासकट. म्हणाली, भावानं एक डाव मारलंच मले, दुसऱ्या डावाले काय लागते.

मग आम्ही इकडं, डच लोकांच्या देशात आलो. मंदारचं ऑफिस हूफडॉर्पला, घर आल्मेरेत, कारण तिथं घर परवडतं. इथं नर्स व्हायचं तर डचची मोठी परीक्षा, ती काही अजून झाली नाही, तोवर म्हणून एका जुन्या गावातल्या म्युझियमात लागले. दालनात उभं राहायचं, काचेला हात लावू नका म्हणायचं. आणि म्युझियम कसलं, तर मध्ययुगातलं महारोग्यांचं घर, गावाच्या तटाबाहेरचं. मी अर्ज करताना नीट वाचलंच नव्हतं.

त्या काळी अंगावर चट्टा दिसला की माणसाला तपासायला आणायचे. डोळे बांधून सुई टोचायचे, टोचलेलं कळतं का बघायला, गाणं म्हणायला लावायचे, आवाज घोगरा आला की संशय, म्हणजे आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीतले निम्मे गायक तिथंच अडकले असते. रोगी ठरला की जिवंतपणी मेल्याचे विधी करायचे, पायांवर माती टाकायची, हातात लाकडी खुळखुळा द्यायचा, तो वाजवत चालायचं म्हणजे चांगली माणसं बाजूला होतात. हे वाचून इथले लोक म्हणतात, अरेरे, केवढं अज्ञान. मी दाराशी उभी असते.

बाबा गेले आणि मी आईला थोड्या महिन्यांसाठी आणलं. मला एवढंच हवं होतं हो, की जिथं तिला कुणी ओळखत नाही तिथं तरी चार लोकांत तिला आई म्हणावं. पण आमच्या शेजारच्या वर्षाताईंची बहीण पुण्यात सासूबाईंच्याच इमारतीत राहते. मंदार म्हणाला, मावशी म्हण ना, काय फरक पडतो. तर ती झाली मावशी, आणि हात झाले स्टोव्हच्या भडक्यात भाजलेले. आई बिचारी वर्षाताईंसमोर मला भाची म्हणायची, एकदाही चुकली नाही.

म्युझियमचा वार्षिक दिवस होता. महापौर गळ्यात साखळी घालून आले, भाषण झालं, मध्ययुगापासून आपण किती पुढं आलो वगैरे, चीजचे तुकडे फिरले. पॅनकेक फुकट म्हणून वर्षाताई आल्या, मंदार आईला घेऊन आला, तिला उभं राहवत नाही म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. मग हेंक आला, निवृत्त बँक मॅनेजर, हौशी माणूस, मखमली झगा घालून वैद्य होतो. प्रेक्षकांतून कुणाला तरी रोगी करतो. त्याला दिसलं लुगडं.

त्यानं तिचे डोळे बांधले आणि लोक हसले. पण आईला ते नाटक कुठं माहीत? वसाहतीत इतकी वर्षं हेच चाललेलं, डोळे मीट, डॉक्टर पीस लावणार, कुठं लागलं ते दाखव. तिनं न सांगताच दोन्ही हात पुढं केले, चप्पल काढून पाय पुढं केला, शहाण्या पेशंटसारखी. हेंकनं पीस फिरवलं, ती गप्प. सुई लावली, ती गप्प. त्याला वाटलं म्हातारी झकास काम करतेय, त्यानं जरा दाबली, रक्ताचा थेंब आला, आणि ती मराठीत म्हणाली, लावलं का डॉक्टर, लावा ना. टाळ्या पडल्या.

हेंकनं तेव्हा कुठं बोटं पाहिली. पांढरा पडला. नाटकात पुढचं वाक्य होतं, हिचं कोण आहे इथं, पुढं या. ते त्याच्या तोंडून निघून गेलं. वर्षाताईंनी मंदारकडं पाहिलं, मंदारनं फोनकडं. मी दारातून युनिफॉर्ममध्ये चालत गेले, डचमध्ये म्हटलं ही माझी आई, मग वर्षाताईंकडं वळून मराठीत म्हटलं, आई आहे माझी, हात भाजलेले नाहीत.

हेंकला मी नंतर हात धुताना पाहिलं, बराच वेळ धूत होता. म्युझियमनं आईला फुलं दिली आणि मला नाण्यांच्या दालनात हलवलं. वर्षाताई म्हणाल्या, अगं सांगायचं ना, आपण काय तसले आहोत का, आणि त्यांची मुलं आमच्याकडं यायची थांबली. संध्याकाळच्या आत सासूबाईंचा फोन, रडणं नाही, भांडण नाही, एवढंच विचारलं, भांडी वेगळी ठेवलीस ना? मी म्हटलं, नाही. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

आईनं तिकीट अलीकडचं करून घेतलं. मी म्हटलं राहा, आता कशाला लपायचं. ती म्हणाली, तू बोलली, मले पुरलं. पण इथं आता सारे माह्या हाताकडं पाह्यतात, तिथं कोनी पाहत नाही.

मी घेऊन दिलेल्या नव्या बुटांनी इथंच तिच्या पायाला जखम झाली होती, तिला कळली नाही, मलाही नाही, मी नर्स. आई वसाहतीत परतल्यावर उघडकीला आलं, जखम हाडापर्यंत गेलीय. पाय काढावा लागेल म्हणतात. सहीला घरचं माणूस लागतं. वसाहतीत त्या जागी आजवर ऑफिसातला कारकूनच सही करत आलाय, सगळ्यांच्याच. या वेळीही तो पेन घेऊन आला, तर आईनं त्याला परत पाठवलं. म्हणाली, थांब, माही लेक येऊन राहिली.

उद्याचं विमान आहे.